औंध, वर्धा आणि इंग्रजीचा तास

मागच्या ईदला माझी भाची घरी आली होती. शीरखुर्म्याची वाटी रिकामी व्हायच्या आत तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. लहान मुलांना इंग्रजी कसं शिकवावं, याच्या ऑनलाइन डिप्लोमाची जाहिरात होती. सहा महिने, २८,००० रुपये, शेवटी सोनेरी काठाचं सर्टिफिकेट. "खाला, मैं ये करूं क्या?"

भाची बी.ए., डी.एड. आहे. सरकारी नोकरी नाही. गावाकडच्या एका खासगी शाळेत महिना ६,००० रुपयांवर शिकवते. तिचे अब्बा, म्हणजे आमचे दुल्हाभाई, दुचाकी दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतात. २८,००० म्हणजे त्या घरात काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी लगेच हो किंवा नाही म्हणाले नाही. बहिणीचं सासर औंधजवळ. चार दिवसांनी मी भाचीला पोचवायला गेले आणि दोघी औंधला म्युझियम बघायला गेलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथून पुढं सुचत गेलं, म्हणून हा लेख.

औंध आता सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं एक गाव. यमाईचा डोंगर, डोंगराच्या अंगावर म्युझियम, खाली बाजार. स्वातंत्र्याआधी ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान ७२ गावांचं, तेही सलग नव्हे. काही गावं आजच्या साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडलकडची आजच्या सांगलीत. माडगूळकर बंधूंचं माडगुळं आणि शंकरराव खरातांची आटपाडी याच संस्थानातली. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, १९०९ मध्ये गादीवर आले. ते चित्रकार होते, कीर्तन करायचे आणि रोज सूर्यनमस्कार घालायचे.

सूर्यनमस्काराचं नाव काढलं की आजकाल दोन्हीकडच्या भुवया वर जातात. तो वाद इथं नको. शिक्षिका म्हणून मला राजाच्या पद्धतीत रस आहे. त्यांनी नमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं, पुढे १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नावानं ते इंग्रजी वाचकांपर्यंतही नेलं. एकेक स्थिती, तिचा क्रम, श्वास, उच्चार, सगळं बारकाईनं. पण मुख्य म्हणजे ते स्वतः रोज घालायचे. जे शिकवायचं ते शिकवणाऱ्याच्या अंगात मुरलेलं असावं लागतं, हे त्या राजाला कळलेलं होतं. आमच्या शिक्षण खात्याला इंग्रजीच्या बाबतीत हे उशिरा कळलं, किंवा अजून कळायचं आहे.

त्याच गावात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळ होता. तो पुढे १९४८ मध्ये पारडीला गेला. सातवळेकरांनी संस्कृत घरबसल्या, शिक्षकाशिवाय शिकता यावं म्हणून पुस्तकं लिहिली आणि असंख्य लोक त्यावर संस्कृत शिकले. आपल्याकडे इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. तेव्हा कुणी म्हणेल की भाषा पुस्तकावर येते, मग शिकवणाऱ्याला खास शिकवायची काय गरज?

हा युक्तिवाद मी स्टाफरूममध्ये पुष्कळ वेळा ऐकला आहे. त्यात एक गफलत आहे. तर्खडकर घेऊन बसणारा माणूस मोठा असतो. त्याला नोकरी हवी असते, कोर्टाचा कागद वाचायचा असतो, त्याची स्वतःची भाषा पक्की असते आणि कंटाळा आला तरी तो बसून राहतो. सात वर्षांचं पोर यातलं काहीच घेऊन येत नाही. त्याला इंग्रजी कशाला हवी हे त्याला माहीत नसतं, आणि कंटाळा आला की ते खिडकीबाहेर बघतं. मोठ्या माणसाला भाषा शिकायला पुस्तक पुरतं. मुलाला माणूस लागतो, आणि तो माणूस तयार करावा लागतो.

आता औंधची मोठी गोष्ट. नोव्हेंबर १९३८ च्या सुमारास राजाने आपले अधिकार प्रजेकडे सोपवायचं ठरवलं. राजपुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, जो पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखला गेला. मंडळी गांधीजींकडे वर्ध्याला गेली. त्यांच्या सल्ल्यानं राज्यघटनेचा मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधमध्ये ती लागू झाली. गावपंचायतींच्या हातात कारभार आला. मताचा हक्क साक्षरतेशी जोडावा असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणजे लोकशाही आणि अक्षरओळख एकाच वेळी गावात शिरली. अक्षरं अर्थातच मराठीची.

इंग्रजी कुठं होती? वरती होती. राजा बी.ए., राजपुत्र ऑक्सफर्डचा, सल्लागार युरोपातला. खालच्या ७२ गावांना मात्र इंग्रजीची तातडी नाही, असं धरलेलं. मला यात आधी ढोंग वाटायचं. आता तसं वाटत नाही, कारण त्याच्या एक वर्ष आधी वर्ध्यात जे झालं ते मी नीट वाचलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा आराखडा करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे कुलगुरू, बर्लिनचे डॉक्टरेट, पुढे भारताचे राष्ट्रपती. सदस्यांत ख्वाजा गुलाम सय्यदैन, पानिपतच्या हालींच्या घराण्यातले, इंग्लंडात लीड्सला शिक्षणशास्त्र शिकलेले आणि अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवणारे. हे दोघेही युरोपात शिकून आलेले मुसलमान शिक्षणतज्ज्ञ, आणि त्यांनी केलेल्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हती. मातृभाषा, हस्तव्यवसाय, गणित, समाज, विज्ञान, हिंदुस्तानी हे होतं, इंग्रजी नाही.

आपल्या समाजात त्या योजनेवर तेव्हा रान उठलं होतं. १९३८ च्या पीरपूर अहवालात तिच्यावर टीका आहे. भांडण धर्मशिक्षणाचं आणि उर्दूचं होतं, त्यातल्या काही शंका रास्तही होत्या. पण त्या गदारोळात अहवालातलं एक प्रकरण मागे पडलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे. ते म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण. समितीनं शिक्षकासाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचवला, आणि घाई असेल तर एक वर्षाचा छोटा.

पुन्हा सांगते. मुलांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गावात शिकवायचं, तर त्यासाठी शिक्षकाला तीन वर्षं. एक वर्ष म्हणजे तडजोड.

आता पुढचं बघा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं इंग्रजी वर ढकलली, ती आठवीपासून सुरू होऊ लागली. योगायोगानं त्याच काळात सय्यदैन मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार होते. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली. माझी पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. शिक्षक घडवायच्या संस्थाही निघाल्या. १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झालं, तेच आजचं इफ्लू विद्यापीठ. आपल्या राज्याचीही इंग्रजीची संस्था झाली, ती पुढे औरंगाबादला गेली. या संस्थांत चांगलं काम झालं. पण तिथपर्यंत पोचणारा शिक्षक हायस्कूलचा असायचा, आणि तोही शंभरात एखादा.

मग २००० साल आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. वाद पेटला. मराठी मरणार, असं एका बाजूचं म्हणणं. गरिबाच्या पोरानं मागंच राहायचं का, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. मला दुसरी बाजू तेव्हाही पटत होती, आजही पटते. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची इंग्रजी आहे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना मातृभाषेचं महत्त्व सांगायचं, हे फार झालं. पण या वादात एक साधी गोष्ट कुणी ठासून विचारली नाही. पहिलीच्या वर्गापुढे उभं कोण राहणार? जो डी.एड. मास्तर पाचवीत किंवा आठवीत इंग्रजीला लागला, मॅट्रिकला कसाबसा पास झाला आणि नंतर इंग्रजीच्या वाटेला गेला नाही, तोच. त्याच्या हातात पुस्तक आलं आणि काही दिवसांचं प्रशिक्षण.

तसलं एक प्रशिक्षण मीही केलं आहे. माझ्या बी.एड.च्या अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी. शाळेत इंग्रजीचं पद रिकामं होतं, "मॅडम, तात्पुरतं तुम्ही बघा" असं सांगण्यात आलं. ते तात्पुरतं सहा वर्षं चाललं. सुट्टीतल्या दहा दिवसांच्या वर्गात आम्ही साठजण पंख्याखाली बसलो. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी टाळ्या वाजवून इंग्रजी बालगीतं म्हणून घेतली, आम्हीही म्हटली. चहा झाला, सह्या झाल्या, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर सहा वर्षांत माझ्या वर्गात बसून माझा इंग्रजीचा तास कुणी पाहिला नाही. बालगीतं मात्र मला अजून पाठ आहेत.

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. १९२६ मध्ये त्यांचं बंगालमधल्या दोन भाषांच्या शिक्षणावर पुस्तक आलं. त्यांनी एक हिशेबी प्रश्न मांडला. बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात, तर त्या दिवशी त्यांच्या हातात काय पडतं? यासाठी त्यांनी विम्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चार हप्ते भरून पॉलिसी मोडली की हातात जवळपास शून्य येतं. वेस्ट म्हणत होते की इंग्रजीचं शिक्षण असं आहे. मध्येच सुटलेल्या पोराला ना वाचता येतं, ना बोलता. म्हणून त्यांनी वाचनावर भर दिला, मोजक्या शब्दांची पुस्तकं केली. निदान सोडताना वाचन तरी हातात राहील.

शंभर वर्षं होत आली. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांनाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. आठवीतही हा आकडा निम्म्याच्या आतच राहिला. आमच्या शाळेतून सातवी-आठवीनंतर ज्या मुली घरी बसतात, त्यांची सरेंडर व्हॅल्यू मी डोळ्यांनी बघितली आहे. दुकानाच्या पाट्या वाचतात, औषधाच्या बाटलीवरचं वाचत नाहीत.

मग खास प्रशिक्षणात असावं तरी काय? इथं मला माझ्याच वर्गातलं सांगायचं आहे, कारण ते मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलीची वही दोन्ही बाजूंनी उघडते. उर्दू उजवीकडून, इंग्रजी डावीकडून. जून महिन्यात दोन्ही भाषा वहीच्या दोन टोकांना असतात, दिवाळीपर्यंत मध्यात भेटतात. त्याच पोरीला मराठी देवनागरीत आणि हिंदीही शिकायची असते. चार भाषा, तीन लिप्या, आणि घरी बोलायची ती दखनी, जी यांपैकी कुठल्याच पुस्तकात नाही. दहा दिवसांच्या त्या प्रशिक्षणात समोरचं मूल मराठी बोलणारं आहे, असं धरलेलं होतं. त्यामुळे आमच्या मुलींच्या अडचणी आणि त्यांचं बळ, दोन्ही कुणाला दिसलं नाही.

अडचण अशी. मराठी बोलणारं मूल ‘स्कूल’, ‘स्टेशन’ सहज म्हणतं, कारण मराठीत स्त, स्प, स्क शब्दाच्या सुरुवातीला येतात. आमची मुलगी ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणते. तिला हसून उपयोग नाही, तो ‘इ’ तिच्या भाषेनं लावलेला आहे. पण तीच मुलगी ‘झिरो’ म्हणत नाही, ‘ज़ीरो’ म्हणते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत अर्थाचा फरक आहे हे तिच्या कानाला लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ तिला एकदाच सांगावं लागतं. मराठी माध्यमाच्या मुलाला पुन्हा पुन्हा.

स्पेलिंगचंही तसंच. देवनागरीवर वाढलेल्या मुलाला एका अक्षराचा एकच आवाज हवा असतो, त्याला ‘पुट’ आणि ‘कट’ म्हणजे अन्याय वाटतो. उर्दू वाचणाऱ्या मुलीला ‘ज़’साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशी चार अक्षरं आणि ‘स’साठी से, सीन, स्वाद अशी तीन पाठ करावी लागलेली असतात. ‘क’चा आवाज इंग्रजीत कधी सी, कधी के, कधी क्यू दाखवतं, याचं तिला नवल वाटत नाही. पण उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, वाचणारा ते मनानं भरतो. म्हणून ती ‘पेन्सिल’चं स्पेलिंग पी-एन-सी-एल करते. मी पहिली दोन वर्षं यावर लाल रेघ मारत होते. ही चूक नव्हे, ही सवय आहे आणि ती कुठून आली ते मला ठाऊक आहे, हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी फळ्यावर उर्दूतला ‘क़लम’ ज़ेर-ज़बरसकट लिहून त्याच्या शेजारी ‘पेन’ लिहिलं आणि म्हटलं, ‘इंग्रजी आपले ज़ेर-ज़बर लपवत नाही, ओळीतच लिहिते,’ त्या दिवशी अर्धा वर्ग सुटला.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या लोकांत जरा जपून बोलावी लागते. आपली मुलं अरबी नाज़रा शिकतात. अर्थ न कळता शुद्ध वाचन. त्याचा सवाब आहे, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण तीच सवय इंग्रजीच्या तासाला येऊन बसते. मुलगी अख्खा धडा घडाघडा वाचते, आणि ‘यात गाय कुठं गेली?’ विचारलं की गप्प. इंग्रजी नाज़रा वाचण्यात सवाब नाही. माझ्या स्वतःच्या पाचवीतली इंग्रजी अशीच होती, म्हणून मला ती लगेच ओळखू येते.

आमच्याच जिल्ह्यात फलटणला हे काम एका बाईंनी वेगळ्या वाटेनं केलं. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणमध्ये राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. त्या भाषाशास्त्रज्ञ. आधी त्यांनी फलटणच्या लोकांची बोली अभ्यासली, कोणत्या थरातला माणूस कसं बोलतो ते टिपलं. मग १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. तिथं मुलांना मराठी वाचायला शिकवताना पोराच्या तोंडात घरची कुठली भाषा आहे, हे आधी बघितलं. त्यांचा मुख्य विषय मराठी होता, इंग्रजी नव्हे. पण शिक्षकाला खास काय यायला हवं, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात जवळचं उदाहरण आहे.

सरकारनंही नंतर थोडा शहाणपणा दाखवला. २०१६ च्या सुमारास ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासोबत ‘तेजस’ नावाचा उपक्रम काही जिल्ह्यांत झाला. त्यात शिक्षकांनीच ठरावीक काळानं गटात जमायचं, वर्गात करून बघायचं, पुढच्या वेळी काय झालं ते सांगायचं. साठजणांना पंख्याखाली बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण यात शिक्षक वर्गात जाऊन परत येतो.

म्युझियममध्ये हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्प आहे. औंधसारख्या गावात ते कसं, असं वाटतं, पण राजाचा लोभ असा होता. त्याच्यासमोर भाची म्हणाली, "खाला, जवाब तो दो." मी तिला त्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम उघडायला सांगितला. ४० व्हिडिओ, ४० चाचण्या. मी विचारलं, यात तुझा तास कोण बघणार? कुणीच नाही. तू मुलांपुढे किती वेळा उभी राहणार? एकदाही नाही. दखनी, मराठी, उर्दू यांतला एक तरी शब्द त्यात आहे? नव्हता. मग मी म्हटलं, २८,००० देऊ नकोस.

तिला हायसं वाटलं. मला वाटलं नाही, कारण पुढचं बोलायचं होतं. तिला मी म्हटलं, मुलांना इंग्रजी शिकवायचीच असेल तर दोन वर्षांचं बी.एड. कर, इंग्रजी पद्धती घेऊन. सराव पाठ असतील, मागच्या बाकावर बसून टिपणं काढणारं कुणीतरी असेल. सगळी कॉलेजं हे नीट करतात असं नाही, म्हणून आधी जाऊन बघ, शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार की तुमचे पाठ खरंच कुणी बघतं का. आणि तोवर सुट्टीत माझ्या वर्गात येऊन बस.

डिसेंबरमध्ये ती तीन आठवडे येऊन बसली. मागच्या बाकावर, वही घेऊन. दहाव्या-बाराव्या दिवशी तिनं मला दाखवलं की सहावीतली एक मुलगी बी आणि डी उलटे लिहिते, पण फक्त उर्दूच्या तासानंतर लगेच इंग्रजीचा तास असला तरच. मला सहा वर्षांत हे दिसलं नव्हतं. आम्ही मुख्याध्यापकांना सांगून मध्ये गणिताचा तास घातला.

बी.एड.ची फी, राहणं, जाणं-येणं धरून खर्च त्या डिप्लोमाच्या कितीतरी पट होतो. सीईटीचा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री दुल्हाभाईंचा फोन आला. मी आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दो किश्तों में भर सकते क्या?"